करंट कमी येतोय

सरवदे मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बायकोने विचारलं, "चहा घेणार की कॉफी?" मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं हो?" बायको माझ्याकडे बघायला लागली. मी खुणेनेच सांगितलं, घाबरू नकोस, माणूस चांगला आहे. तोवर मॅडमनी पर्समधून टेस्टर काढून फ्रीजच्या मागे डोकं घातलं होतं. पाच मिनिटांनी बाहेर आल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "अर्थिंग नाहीये तुमच्याकडे. चहा चालेल."

बारामतीच्या आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा मास्तर, आणि त्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या. दोन्ही वर्कशॉपच्या मधल्या भिंतीला एक दार होतं आणि ते एकोणीस वर्षं उघडंच राहिलं. त्यामुळे माझ्या पोरांच्या कानशींची खरखर त्यांना ऐकू जायची आणि त्यांचं बोलणं मला. मी फिटर असूनही ओहमचा नियम मला तोंडपाठ आहे तो त्या दारामुळे. नाहीतर विजेच्या बाबतीत आमचं ज्ञान बटण दाबण्यापुरतंच.

मॅडम बुटक्या, काटक. मूळच्या डाळजच्या, राहायला भिगवणला, रोज एसटीने ये-जा. हातात काचेची एकेक बांगडी, गळ्यात काळ्या दोऱ्याशिवाय काही नाही. "कामावर अंगाला धातू नको," हा नियम पोरांना शिकवता शिकवता त्यांनी स्वतःलाही लावला होता आणि मग रविवारीही तो सुटेना. लग्नाकार्यात बायका कुजबुजायच्या, एवढ्या पगाराची बाई आणि अंगावर गुंजभर सोनं नाही. मॅडमच्या कानावर ते यायचं. त्या म्हणायच्या, "सोनं चांगला वाहक आहे हो, म्हणून घालत नाही." बायकांना वाटायचं, ही आपली चेष्टा करते. पण मॅडमना चेष्टा येतच नव्हती, तेवढा एक विषय त्यांचा कच्चा होता.

त्यांच्या पर्समध्ये इतर बायकांच्या पर्समधलं काहीच नसायचं. टेस्टर, चिकटपट्टी, खडूचे तुकडे आणि टाँग टेस्टर. टाँग टेस्टर म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असलेला मीटर. तार न तोडता तिच्याभोवती जबडा मिटला की आत किती अँपिअर वाहतायत ते दिसतं. नवशिके हमखास जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा जबड्यात घेतात. दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणून मॅडमनी हातभर लांबीची एक एक्स्टेन्शन वायर उभी फाडून ठेवली होती, आतली एकच तार बोटाने बाहेर ओढता यावी अशी. ती फाडकी वायर घेऊन त्या जगभर हिंडायच्या.

एकदा निमगाव केतकीच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. एक जण खाटेवर पाणी तापवायचे रॉड मांडून बसला होता. "हजार वॅट, घ्या हजार वॅट!" मॅडम थांबल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता भाजी राहिली. शेजारच्या हॉटेलात बादली मागून घेतली, रॉड बुडवला, फाडकी वायर लावली. दोनशे तीस व्होल्ट, तीन अँपिअर. मॅडमना कागद लागायचाच नाही. "तीन गुणिले दोनशे तीस, सहाशे नव्वद. आणि रेझिस्टन्स भरतोय सत्त्याहत्तर ओहमच्या आसपास. हजार वॅटला त्रेपन्न लागतो. तुमचा रॉड सातशेचा आहे, दादा."

"बाई, पाणी तापतंय का न्हाय?"

"तापतंय. पण हजार लिहू नका."

त्या माणसाने खिशातलं पेन काढलं आणि एकेका खोक्यावरचा आकडा खोडून सातशे लिहायला बसला. मॅडमनी त्याच्याकडून दोन रॉड घेतले. आम्हाला घरी एकाचीही गरज नव्हती, तरी त्यातला एक त्यांनी माझ्या पिशवीत टाकला.

"मीटरला विचारा" हे त्यांचं पालुपद. पोरगं म्हणालं, "मॅडम, वायर गरम वाटती," की, "वाटती काय? मीटरला विचार." प्राचार्य म्हणाले, "मॅडम, यंदा पोरं हुशार आहेत," तरी त्यांच्या ओठांवर तेच येत असणार. पण मीटरलाही कधी आणि कसं विचारायचं याची एक रीत आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं. दरवर्षी पहिल्या महिन्यात त्या पोरांना शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा द्यायच्या. न पेटवता त्याचा रेझिस्टन्स मोजा आणि त्यावरून वॅट काढा. मीटर चाळीस ओहम दाखवायचा. पोरं व्होल्टचा वर्ग करायची, चाळीसने भागायची आणि उत्तर यायचं तेराशेच्या वर. शंभरचा दिवा तेराशेचा कसा झाला, म्हणून सगळा वर्ग एकमेकांच्या वह्यांत बघायचा. मॅडम खुर्चीवर गप्प बसायच्या. एक वर्षी मागच्या बाकावरून एक जण उठला. भिगवणचा संतोष. फार न बोलणारा, केसांना तेल चोपडून येणारा. म्हणाला, "मॅडम, गार तार येगळी आन् तापल्याली तार येगळी. पेटल्यावर ती जास्त अडवीत आसंल."

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "गार दिव्याला विचारून उपयोग नाही. पेटला की विचारा." त्या दिवशी दुपारी डबा खाताना त्यांनी मला संतोषबद्दल तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना भाकरी हातातच राहिली होती.

शब्दांच्या बाबतीत मात्र त्या कडक. शिपाई आत येऊन म्हणाला, "मॅडम, लाईट गेली," की त्या विचारणार, "कुठे गेली? सांगून गेली का?" पण सगळ्यात वाकडं होतं ते 'करंट' या शब्दाशी. आमच्याकडे खेडोपाडी व्होल्टेज कमी असलं की लोक म्हणतात, करंट कमी येतोय. दिवा मिणमिणला, करंट कमी. पंखा रेंगाळला, करंट कमी. मॅडमच्या कपाळाची शीर उडायची. "दाब वेगळा, प्रवाह वेगळा! दाब कमी झाला तर मोटार उलट जास्त प्रवाह ओढते. करंट कमी नाही, करंट जास्त आहे, म्हणून तर ती जळते!" हा शब्द चुकवला की पोराला तास संपेपर्यंत उभं राहावं लागे. काही दिवस निम्मा वर्ग उभाच असायचा. मी दारातून म्हणायचो, "मॅडम, बसू द्या की, पोरांच्या आईबापांची भाषा आहे ती." त्या म्हणायच्या, "जगताप सर, आईबापांची भाषा घरी. इथे शब्द चुकला तर माणूस मरतो."

आणि त्याच शब्दाने पुढे त्यांचा घात केला. ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस, प्रात्यक्षिक परीक्षा चालू, बाहेरचे परीक्षक येऊन बसलेले. अशात मॅडमना फोन आला. पळसदेवचे त्यांचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. उजनीच्या पाण्याला लागून त्यांचं रान, त्यात काकडी आणि दोडका. मॅडमच्या एका हातात उत्तरपत्रिका होत्या, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"सुनंदा, मोटर भरून आणली नवी, पर नुसती गुरगुरती. पाणी उचलत न्हाय. करंट लई कमी येतोय."

"कमी? नक्की कमी?"

"आगं लई कमी. वायरमनबी त्येच म्हणतोय."

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. "करंट कमी म्हणजे आत रेझिस्टन्स वाढलाय, दाजी. वाइंडिंगमध्येच घोळ आहे. तार बारीक घातली असणार, नाहीतर तांब्याच्या जागी अॅल्युमिनियम भरलं असणार. कुणी भरली?"

"तुझाच की. भिगवणचा संतोष."

मॅडमनी आपल्या विद्यार्थ्याला सांभाळून घेतलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. "कुणी का भरली असेना," त्या म्हणाल्या, "घोळ तिथेच आहे."

दोन मिनिटांचा फोन. मीही तिथेच उभा होतो आणि मलाही काही खटकलं नाही. त्याच आठवड्यात ती मोटार जळाली. मग काय, दाजींनी गावभर सांगितलं, आमची सुनंदा आयटीआयला मास्तर हाय, तिनं फोनवर ओळखलं, संत्यानं तांबं खाल्लं. मोटारी भरणाऱ्या, म्हणजे आतली तांब्याची वेटोळी नव्याने गुंडाळून देणाऱ्या माणसावर यापेक्षा वाईट आळ नसतो. आत काय भरलंय ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, सगळा धंदा त्याच्या शब्दावर चालतो. पळसदेवचे लोक दुकानात येऊन आपापल्या मोटारी तशाच जळक्या उचलून न्यायला लागले. नुसते नेत नव्हते, तर जाताना बोलून जात होते.

हे आम्हाला कळलं ते संतोष स्वतः बारामतीला आला तेव्हा. आता पस्तिशीचा झालेला, केस विरळ, तेल तेवढंच. त्याने मॅडमना नमस्कार केला आणि टेबलावर एक गोणपाटाची पिशवी रिकामी केली. जळून काळी पडलेली, कापून काढलेली वेटोळी. "मॅडम, खरवडून बघा."

तो एवढंच म्हणाला. मॅडमनी ब्लेड घेतलं. काळं वॉर्निश निघालं आणि खालून तांबूस, लखलखीत तांबं दिसलं. त्यांनी दुसरी तार खरवडली, तिसरी खरवडली. मग मला हाक मारली. मी मायक्रोमीटर घेऊन गेलो आणि तारेची जाडी मोजली. हव्या त्या गेजची, केसभरही बारीक नाही. उभ्या नोकरीत एवढा नकोसा आकडा मी कधी वाचला नव्हता.

"मग करंट कमी का भरला?" मॅडमनी विचारलं. आवाज जरा चढाच होता.

"कमी न्हाय, मॅडम. जळायच्या आधी मी तिथं घरापाशी मोजला. पंधरा अँपिअर. मोटरीच्या पाटीवर दहा लिवल्यात."

"दाजी तर म्हणाले…"

संतोषने मान खाली घातली. "तिकडं व्होल्टेजलाच करंट म्हणत्यात, मॅडम." आणि थोड्या वेळाने, "मी केबलचं बोललो त्यास्नी. पर तुमी सांगितल्याव माझं कोण ऐकतंय?"

मॅडम खाली बसल्या. एकोणीस वर्षं ज्या शब्दासाठी त्यांनी पोरांना उभं केलं, तोच शब्द घरच्या माणसाने घरच्या अर्थाने वापरला आणि त्यांनी तो पुस्तकातल्या अर्थाने ऐकला. डाळजमध्ये वाढलेल्या बाईला डाळजचं बोलणं कळलं नाही. आकडा विचारला असता तरी भागलं असतं, पण जन्मभर "मीटरला विचारा" म्हणणाऱ्या बाईने त्या दिवशी मीटरला विचारलंच नाही. मला त्यांची फार दया आली. दया दाखवली असती तर त्यांनी मला दारापलीकडे हाकललं असतं, म्हणून मी मायक्रोमीटर पुसत राहिलो.

"जगताप सर, रविवारी गाडी काढाल का?" त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही पळसदेवला गेलो. धरणाचं पाणी एवढं ओसरलं होतं की त्यात बुडालेलं जुनं देऊळ पार तळापर्यंत उघडं पडलं होतं. पाणी मागे सरकेल तशी दाजींनी मोटार पुढे पुढे नेलेली आणि मागे केबलला तुकडे जोडत गेलेले. घरापासून मोटारीपर्यंत चांगली तीनशे मीटर केबल आणि तीही बारीक. दाजींनी "जयभीम, या, या" केलं, बहिणीने पाणी आणलं. मॅडमनी पाणी घेतलं आणि थेट मीटर काढला. मोजमाप करता यावं म्हणून संतोषने दुसरी एक मोटार तात्पुरती बसवून दिली होती. तो स्वतः मात्र आला नव्हता.

घरापाशी दोनशे पंधरा व्होल्ट. मग चपला हातात घेऊन त्या गाळातून काठापर्यंत चालत गेल्या. मोटारीपाशी एकशे पंचावन्न. तारेत पंधरा अँपिअर. त्यांनी एक काडी उचलली आणि ओल्या गाळात लिहिलं, दोनशे पंधरा वजा एकशे पंचावन्न, साठ.

"दाजी, हे साठ व्होल्ट वाटेत केबलने खाल्ले. साठ भागिले पंधरा, म्हणजे चार. तुमच्या केबलचा रेझिस्टन्स चार ओहम. आणि साठ गुणिले पंधरा, नऊशे. नऊशे वॅट तुम्ही नुसती केबल तापवण्यात घालवताय. मोटारीला उरत नाही, म्हणून ती बिचारी जास्त ओढते आणि जळते. जाड केबल टाका. कुणीही भरली तरी ही मोटार अशीच जळणार."

दाजींनी केबलच्या एका जोडावर हात ठेवला आणि चटकन उचलला. मग पुन्हा त्या आकड्यांकडे बघितलं. दोनशे पंधरावर बोट ठेवलं, एकशे पंचावन्नवर ठेवलं. "म्हंजी करंट कमीच हाय की! मी काय येगळं सांगत हुतो?"

मी हसू दाबलं. मॅडमनी काडी टाकून दिली. "व्हय दाजी," त्या म्हणाल्या, "तुमचा करंट कमीच हाय. माझा जास्त हाय. चूक तुमची न्हाय."

त्यांच्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाय' मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आयटीआयमध्ये त्या छापील बोलायच्या. का ते मला तोवर कधी सुचलं नव्हतं. वस्तीवरून शिकायला आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी वर्गात कुणीतरी तिच्या बोलण्यावरून हसलं असणार आणि तिने ते बोलणं डाळजलाच ठेवून दिलं असणार. हा माझा अंदाज. मॅडम म्हणाल्या असत्या, अंदाज करू नका.

मी निघायच्या तयारीत होतो, पण त्यांनी दाजींना विचारलं, "संतोषचं ह्ये तुमी कुणाकुणाला सांगितलंय?" दाजी ओशाळले. "आता एवढ्यांना कुठं शोधायचं? सांजच्याला डेअरीवर समदी येत्यात." मग आम्ही थांबलो. संध्याकाळी दुधाच्या डेअरीवर रांग लागली, तेव्हा मॅडम वजनकाट्याशेजारी उभ्या राहिल्या. भाषण म्हणावं असं काही त्या बोलल्या नाहीत.

"मी डाळजची सुनंदा. संतोषनं तांबं खाल्लं, ह्ये मी सांगितलं हुतं. त्ये खोटं हाय. मी न बघता बोलले. तार मी सोता खरवडून बघितलीय, निखळ तांबं हाय. त्यानं खरं सांगितलं हुतं, केबलचा दोष हाय म्हणून. तुमी माझ्या शब्दाव त्याच्याकडनं मोटारी उचलून आणल्या. आता माझ्याच शब्दाव माघारी न्या."

किटली घेऊन रांगेत उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या बाई, हुती चूक एखाद्या टायमाला." मॅडम म्हणाल्या, "आबा, माझी चूक आन् भोगलं त्यानं. जाऊ कसं देऊ?" त्या संध्याकाळी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा अजून कुणा सहकाऱ्याचा वाटलेला नाही.

त्याच महिनाअखेरीला मॅडम निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नागपूरला गेल्या. निरोप समारंभात शाल-नारळ झालं, सगळे गोड बोलले. मीही बोललो आणि भलतंच काहीतरी बोललो. आता कधीतरी फोन होतो. पण माझ्या मनात त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच, परत येताना भिगवणला.

त्यांनी गाडी संतोषच्या दुकानापुढे थांबवायला लावली. दोन गिऱ्हाइकं बसली होती. मॅडम पायरीवर उभ्या राहिल्या. संतोष हात पुसत धावत आला, "या मॅडम," म्हणाला, तेव्हा आत गेल्या. तारेच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा त्यांनी फाडून घेतला, त्याच्याकडचा मार्कर मागितला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'या दुकानातील वाइंडिंग मी तपासले आहे. तांबे अस्सल आहे. मी केलेला आरोप चुकीचा होता. सुनंदा सरवदे, निदेशक.' आणि खाली सही.

"खिळा दे."

संतोष कावराबावरा झाला. "न्हाय मॅडम. म्या तुमची चूक माझ्या दुकानात टांगू व्हय? लोक काय म्हणतील? राहू द्या, मला पोचलं."

"तुला पोचून काय उपयोग? येणाऱ्याला पोचलं पाहिजे."

"मॅडम, पाया पडतो…"

त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच खिळा शोधला, हातोडी उचलली, स्टूल ओढलं आणि त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाई साडी खोचून वर चढल्या. स्टूल डगमगत होतं. संतोषने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी दारात उभा होतो. दोन ठोके चुकले, तिसरा बसला. पुठ्ठा लावून त्या मान मागे करून बघायला लागल्या.

"वाकडं झालंय का रे?"

संतोषने स्टूल आणखी घट्ट धरलं.

"वाकडं असू दे. तिथून वाचता येतंय का, तेवढं सांग."

पण संतोषला वर बघवत नव्हतं. स्टूल धरून तो तसाच मान खाली घालून उभा राहिला.